देवीची तिसरी पाकळी

"पार्लर ही रिकामटेकड्या बायकांची सोय आहे!" मालनने जाहीर करून टाकलं.

विक्रोळीच्या चाळीतल्या आपल्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत, कमरेवर हात ठेवून, तिने हे धाकट्या जावेच्या तोंडावर ऐकवलं. धाकटी जाऊ जया मुलुंडला ब्लॉकमध्ये राहायची आणि महिन्यातून दोनदा तिथल्या ब्युटी पार्लरमध्ये जाऊन मॅनिक्युअर करून घ्यायची. मॅनिक्युअर म्हणजे काय, हे तिने आत्ताच मालनला सविस्तर समजावलं होतं. आधी कोमट साबणाच्या पाण्यात हात बुडवून बसायचं. मग तिथली मुलगी हात घासणार, नखं घासणार, क्रीम चोळणार आणि शेवटी पॉलिश लावणार. चांगला एक तास लागतो.

"एकच तास?" मालन म्हणाली. "अगं, भांड्यांच्या निमित्ताने माझे हात रोज दोन तास साबणाच्या पाण्यात असतात! माझं तर रोजच मॅनिक्युअर चाललंय!"

"म्हणून तर नखं अशी झालीत ना, वहिनी," जया गोड हसली. "रविवारी अनुपमाला बघायला पाहुणे येणार. घरातल्या बायकांचे हात बघतात हो लोक! चला शनिवारी माझ्याबरोबर. मी सांगते त्यांना, ह्या आमच्या मोठ्या जाऊबाई आहेत, यांचे जरा जास्त घासा!"

जरा जास्त घासा! जणू काही मालन म्हणजे करपलेलं पातेलं!

मालनला राग यायचं कारण एवढंच, की जया बोलली ते खरं होतं. मालन कंपनीत पॅकिंग खात्यात होती. दिवसभर पुठ्ठ्याची खोकी वळायची, पट्ट्या आवळायच्या, खिळे ठोकायचे. संध्याकाळी घरी येऊन नारळ खवायचा, मासे साफ करायचे. अशा हातांवर नखं टिकतील कशी? तिची दहाही नखं दहा निरनिराळ्या ठिकाणी तुटलेली होती. पण मान मात्र कुठेच तुटलेली नव्हती, ती कायम ताठ!

"रविवारी माझे हात बघ, जया," ती म्हणाली. "बघ, आणि मग बोल!"

असं म्हणायला मालनकडे काही आधार होता का? अजिबात नव्हता! पण ती आधी बोलायची आणि आधार नंतर शोधायची. लग्नाला बारा वर्षं झाली, तिचं कधी अडलं नव्हतं.

आधार दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या कँटीनमध्ये सापडला. तिच्याबरोबर पॅकिंगला असलेल्या लताचा भाऊ मस्कतला होता. तो नुकताच सुट्टीवर आला होता आणि त्याने बहिणीसाठी बॅग भरून काहीबाही आणलं होतं. लताने डब्याखालून तीन चपट्या पेट्या काढल्या. पेटीला वर पारदर्शक झाकण आणि आत ओळीने दहा नखं!

"अगो बाई! कोणाची काढली?" मालन किंचाळली.

"हळू! कोणाची नाहीत. नकली आहेत. मागे गोंद लावायचा, आपल्या नखावर दाबायचं, झालं पार्लर! काम संपलं की काढून पेटीत ठेवायची. मला काय करायचीत? आमचे हे म्हणाले, ही लावून पोळ्या केल्यास तर मी जेवणार नाही."

मालनने तिन्ही पेट्या टेबलावर मांडल्या. पहिल्या पेटीतली नखं भडक लाल होती. ती बोटावर धरून बघितली तर आत्ताच कोंबडी कापून आल्यासारखं वाटलं. दुसरी चंदेरी. ती म्हणजे थेट नाटक कंपनी! तिसरी मात्र फिकी गुलाबी, जराशी वळलेली, टोकाला निमुळती. मालनने त्यातलं अंगठ्याचं नख उचलून आपल्या अंगठ्यावर ठेवलं आणि बघतच राहिली. हा हात आपला? खोकी वळणारा? हात लांब करून बघितला, जवळ आणून बघितला, ग्लास उचलून बघितला. साधं पाणी पिताना सुद्धा आपण कोणीतरी आहोत असं वाटायला लागलं.

"हीच!" ती म्हणाली. जयाचं मॅनिक्युअर आठ दिवसांत उतरतं. ही नखं जन्मभर पुरणार. शिवाय फॉरेनची! मालन त्या दिवशी स्टेशनपासून घरापर्यंत पर्स छातीशी धरून आली.

आता रविवारचं प्रकरण काय होतं, ते सांगायला हवं. अनुपमा ही मालनची नणंद, सगळ्यात धाकटी. तिच्यासाठी भांडुपच्या चंद्रप्रकाशचं स्थळ आणलं होतं ते मालनने. मुलगा तिच्याच कंपनीत स्टोअर्सला होता. कमी बोलणारा, नीट वागणारा. अनुपमाने त्याला कंपनीच्या गेटवर दोनदा लांबून आणि एकदा बऱ्यापैकी जवळून बघितलं होतं, आणि तेव्हापासून ती चहात साखर दोनदा घालत होती. पण जयानेही आपल्या मावसभावाचं स्थळ आणून ठेवलं होतं. मालनचं स्थळ फिसकटलं, की लगेच जयाचं! म्हणजे रविवारी अनुपमाचं लग्न तर पणाला लागलं होतंच, त्याला बांधून मालनचा थोरलेपणाही लागला होता.

आणि निर्णय कोणाच्या हातात? मुलाच्या नाही, मुलीच्या नाही. सासऱ्यांच्याही नाही. देवीच्या!

सासरे दत्ताराम गिरणीत होते. तीन वर्षांपूर्वीच्या संपात नोकरी गेली, तेव्हापासून चाळीच्या चौकातलं गावदेवीचं देऊळ हेच त्यांचं खातं झालं होतं. चाळीतल्या कोकणातल्या लोकांनी गावच्या देवीची छोटी मूर्ती इथे बसवली होती. तिची पूजा दत्ताराम करायचे आणि कौलही तेच लावायचे. कौल लावायची रीत सोपी. फुलाच्या दोन पाकळ्या पाण्याने ओल्या करायच्या, एक देवीच्या उजव्या खांद्याला चिकटवायची, एक डाव्या. मग गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पाणी सुकत जाईल तशी पाकळी सुटते. नोकरी बदलू का, गावची जमीन विकू का, ऑपरेशन करू का, सगळं चाळ देवीला विचारायची. दत्तारामांनी मोतीबिंदूचं ऑपरेशनसुद्धा कौल लावूनच केलं होतं. देवीने एकाच डोळ्याचा होकार दिला, म्हणून दुसरा तसाच ठेवला होता!

रविवारी सकाळी मालनने पेटी उघडली आणि पहिला घोटाळा झाला. पेटीतली गोंदाची नळी मस्कतच्या उन्हात वाळून खडा झाली होती. पिळली, दाताने चावली, गरम पाण्यात बुडवली. काही नाही!

"अहो!" तिने नवऱ्याला हाक मारली. "घरात चिकटवायला काय आहे?"

नंदू पेपरातून बाहेर न येता म्हणाला, "पोराच्या दप्तरात डिंक आहे."

"डिंकाने नखं राहतील?"

"पाकिटं राहतात, मग नखांना काय होतंय?" नंदू म्हणाला. तो पोस्टात होता. पाकिटांवर त्याचा फार विश्वास होता.

मालनने डिंकाने दहा नखं चिकटवली आणि पाऊण तास दोन्ही हात हवेत धरून बसली. अनुपमाने पोहे केले, अनुपमाने चहा केला, अनुपमाने स्वतःची वेणी घातली आणि वहिनीलाही साडी नेसवली. नवरी कोण आणि वहिनी कोण, कळायला मार्ग नव्हता! पण हात मात्र झकास दिसत होते. मालनने आरशात चेहरा एकदा बघितला आणि हात सात वेळा.

पाहुणे आले. चंद्रप्रकाश, त्याची आई मंजुळाबाई आणि एक काका. मालन पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली, बोटं अशी पसरून, की दहाही नखं पाहुण्यांच्या समोर यावीत. काकांनी पोहे बघितले. चंद्रप्रकाशने दाराआडची अनुपमा बघितली. मंजुळाबाईंनी मात्र मालनच्या हातांकडे निरखून बघितलं. मालनचा ऊर भरून आला.

"बोटं भाजली का गो तुझी?" मंजुळाबाई कळवळून म्हणाल्या. "अशी ताठ का धरलंयस? खोबरेल लाव."

मालनने ट्रे ठेवला. एकदा केसांवरून हात फिरवला, एकदा गालाला बोट लावलं. पाहुणे गिरण्यांबद्दल बोलत राहिले. एवढी फॉरेनची नखं, आणि एका माणसाने विचारू नये? तिने सगळी आशा जयावर ठेवली. ती बघेल! नखं बघायला नजर लागते आणि ती नजर त्या बाईकडे होती, एवढं मालन मनातल्या मनात मान्य करत होती. पण जयाचा पत्ता नव्हता. पार्लरहून थेट देवळात येते, असा तिने निरोप धाडला होता.

मुलगा पसंत, मुलगी पसंत. सगळे उठून देवळात गेले. चाळीतले पंचवीसएक लोक आधीच जमले होते. दत्तारामांनी सोवळ्याचा कद नेसून गुलाबी कण्हेरीची दोन फुलं घेतली आणि म्हणाले, "थोरली सून खय आसा? पाणी धर."

ही पण रीतच. पाकळ्यांवर पाणी घरच्या थोरल्या सुवासिनीने सोडायचं. दत्तारामांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, तेव्हापासून हा मान मालनचा होता. ती तांब्या घेऊन मूर्तीच्या उजव्या बाजूला उभी राहिली. पाणी सोडताना ते तिच्या बोटांवरूनही वाहिलं, आणि तिच्या एकदम ध्यानात आलं, की पाकिटावरचं तिकीट काढायचं असेल तर नंदू ते पाण्यातच भिजवतो!

तिने घाईघाईने तांब्या खाली ठेवला, पण आता उशीर झाला होता. दत्तारामांनी गाऱ्हाणं सुरू केलं होतं.

"बा देवी माऊली! आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली हत..."

"व्हय महाराजा!" चाळ गरजली.

"आमच्या अनुपमाच्या लग्नाचो इचार इलो हा. ह्यां स्थळ तुका मान्य आसात तर उजवो कौल दी. नसात तर डावो दी..."

"व्हय महाराजा!"

"पण काय ता आता बोल. पावण्यांका ताटकळत ठेव नको गो माये!"

"व्हय महाराजा!"

देवीने ताटकळत ठेवलं. पाच मिनिटं झाली. दहा झाली. पंधरा झाली. पाकळ्या काही हलेनात. मंजुळाबाईंचे ओठ पुटपुटत होते. अनुपमाने डोळे मिटून घेतले होते. चंद्रप्रकाशला घाम फुटला होता. एवढ्यात जया आली आणि मागून टाचा उंचावून बघायला लागली. मालनने हात पुढे करायला हवे होते, पण तिचं हातांकडे लक्षच नव्हतं. तिचं लक्ष डाव्या खांद्याकडे होतं. तिथली पाकळी खाली सरकत होती! आधी केसभर, मग तांदळाच्या दाण्याएवढी.

"नको गं, माते," मालन पुटपुटली. "पोरगी रडेल गं. मी खोटी पडेन. नको!"

पाकळी अजून सरकली. मालनने जिवाच्या आकांताने दोन्ही हात जोडले आणि एवढ्या जोरात ओरडली, की बाजूची समई थरथरली.

"व्हय महाराजा!"

हात आपटले आणि उजव्या अंगठ्यावरचं नख सुटलं. ते हवेत उडालं, वर गेलं, गिरकी घेतली आणि अलगद देवीच्या उजव्या पायाशी येऊन पडलं. फिकं गुलाबी, जरासं वळलेलं, टोकाला निमुळतं.

"उजवो!" दत्ताराम गरजले. "उजवो दिल्यान!"

चाळीने एकच गिल्ला केला. अनुपमा रडायला लागली, चंद्रप्रकाश हसायला लागला, काकांनी फोडायला घेतलेला नारळ चुकून स्वतःच्याच डोक्याला लावला. आणि त्या गडबडीत डावी पाकळी टप्पकन खाली पडली आणि निर्माल्याच्या ढिगात मिसळून गेली. मालनने मात्र ती पडताना बघितली.

गोष्ट इथेच संपली असती, तर मालनने ती पोटात घालून टाकली असती. पण शेजारच्या राधाकाकू पुढे झाल्या, मूर्तीकडे बघितलं आणि छातीवर हात ठेवला.

"अगो, उजवी पाकळी तर अजून खांद्यावरच आसा!"

सगळ्यांनी माना उंचावल्या. खरंच, उजवी पाकळी खांद्यावर तशीच होती. मग पायाशी पडलेली ही कुठली? दत्तारामांनी खाली वाकून नख उचललं, तळहातावर घेतलं आणि जाड चष्म्यातून बराच वेळ बघितलं. मालन मनात म्हणाली, संपलं! वाट लागली!

"तिसरी पाकळी," राधाकाकूच म्हणाल्या. "आपली ताटकळ बघान देवीन स्वतःची पाकळी दिल्यान!"

आणि पंचवीस माणसं एकदम पाया पडली. जयासुद्धा पडली. तिने तर पाकळीवर हळूच बोट फिरवलं आणि म्हणाली, "काय गुळगुळीत आहे हो! अशी वस्तू माणसाच्या हातची असूच शकत नाही."

ज्या नखाकडे सकाळपासून कोणी ढुंकून बघितलं नव्हतं, त्याच्या पाया पडायला आता रांग लागली होती! मालनने दोन्ही हात पदराखाली घेतले आणि उरलेली नऊ नखं एकेक करून उपटली. इतक्यात जया जवळ आली. "बघू हो वहिनी, काय ते हात दाखवणार होतात." तिने स्वतःच पदर बाजूला केला, तुटक्या नखांवर डिंकाचे पोपडे बघितले आणि फक्त "अच्छा" म्हणाली. ते अच्छा मालनला थोबाडीत मारल्यासारखं लागलं. तरी ती काही बोलली नाही. बारा वर्षांत हे पहिल्यांदा घडत होतं.

पुढचा आठवडा मालनने कसा काढला ते तिचं तिला माहीत! पाकळी राधाकाकूंच्या चांदीच्या करंड्यात देवीसमोर ठेवली. पाकळी म्हटली की दुसऱ्या दिवशी सुकते. ही सुकेना! तिसऱ्या दिवशीही टवटवीत. मग तर बातमी भांडुपपर्यंत गेली, गोवंडीहून बायका आल्या. कोणी मुलासाठी नवस बोललं, कोणी बदलीसाठी. दत्ताराम सकाळ-संध्याकाळ धुतलेला सदरा घालून देवळात बसत. तीन वर्षं चौकातून खाली मान घालून जाणारा हा माणूस आता लोकांना रांग लावायला सांगत होता, आणि लोक लावत होते. त्यांना असं बघून मालनचा जीव एकीकडे सुखावायचा आणि दुसरीकडे धास्तावायचा. कारण देवीने तर नकार दिला होता! उद्या अनुपमाच्या संसारात काही बिनसलं तर? फॉरेनच्या नखापायी आपण पोरीचं वाटोळं केलं, ही बोच तिला घास गिळू देईना. पॅकिंगमध्ये तिने एका खोक्यात चुकून आपला डबासुद्धा बांधून टाकला.

शेवटी शनिवारी सकाळी, सगळे बाहेर गेलेले बघून, ती सासऱ्यांसमोर जाऊन बसली. शिवणाच्या डब्यात लपवलेली नऊ नखं तिने ताटलीत काढली आणि ताटली पुढे सरकवली.

"बाबा, मला मारा, हाकलून द्या. पण ऐका. ती पाकळी पाकळी नाही. ती माझी चूक आहे. आणि देवीने कौल डावा दिलाय. मी बघितलंय ह्या डोळ्यांनी!" एवढं बोलून ती हमसून हमसून रडायला लागली.

दत्तारामांनी पानाचा डबा बंद केला.

"मालन, माका काय आंधळो समाजतंस? ऑपरेशन केलेलो डोळो डावो आसा. डावी पाकळी सरकताना, पडताना मी पण बघलंय."

मालनचं रडणं मध्येच थांबलं. "मग तुम्ही उजवा उजवा म्हणून का ओरडलात?"

"संपाच्या टायमाक मी देवीक इचारलंय, संपार जाऊ काय? उजवो दिल्यान. गेलंय. नोकरी गेली ती गेलीच. तेव्हापासून देवीक इचारतंय सगळां. ती आई आसा, इचारूक होया. पण ठरवतंय मीच. पोरगो बरो आसा, पोरगी खूश आसा. तू आणलेलां स्थळ वायट आसतलां कसां? देवी समजान घेतली."

बारा वर्षांत सासऱ्यांनी तिच्याबद्दल बोललेलं हे सगळ्यात मोठं वाक्य होतं. मालनची छाती अभिमानाने अशी फुगली, की पाठीवरचं आठवड्याचं ओझं घरंगळून खाली पडलं. तिने डोळे पुसले, वाकून नमस्कार केला. सगळं सुरळीत झालं होतं. ताटली उचलायची आणि आत जायचं, एवढंच बाकी होतं. पण ती मालन होती! जाता जाता तिने विचारलं.

"म्हणजे ते काय आहे, ते तुम्ही तेव्हाच ओळखलंत?"

"मगे! हातात घेतल्यार कळलां. तांबोशीचां खवलां."

"काय?"

"खवलां. तू आदल्या दिसा तांबोशी साफ केलंस मां? हाताक चिकटान रवलां आसतलां. होऊ दे. आमच्या देवीक मासो चलता."

मालन जागच्या जागी उभी राहिली. देवीचा कोप चालला असता. हाकलून दिलं असतं तरी चाललं असतं. पण खवलं? तीन पेट्यांमधून निवडून काढलेलं, पर्समध्ये छातीशी धरून आणलेलं, जिच्यापुढे मुलुंडचं पार्लर पाणी भरेल अशी वस्तू, आणि ती तांबोशीचं खवलं?

"बाबा!" ती अशी ओरडली, की कठड्यावरचे कावळे उडाले. "खवलं नाही ते! नख आहे, नख! माझ्या अंगठ्याचं! फॉरेनचं!"

"काय गो? कसलां नख?"

हा आवाज सासऱ्यांचा नव्हता. दारात मंजुळाबाई उभ्या होत्या. एका हातात साखरपुड्याच्या साडीचं पुडकं, दुसऱ्या हातात देवीसाठी नारळ. भांडुपहून खास पाकळीच्या पाया पडायला आल्या होत्या. दत्तारामांनी पानाचा डबा पुन्हा उघडला आणि त्यात डोकं घातलं. मालनला कळलं, की आपण स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या घमेंडीपायी, नणंदेचं लग्न मोडलं आहे.

मंजुळाबाई आत आल्या. खाली बसल्या. ताटलीतलं एक नख त्यांनी चिमटीत धरून उजेडात नेलं. उलटं केलं, सुलटं केलं. मग आपल्या करंगळीवर ठेवून बघितलं. त्यांचं करंगळीचं नख हळदीने पिवळं, मिरचीने तांबडं आणि मधोमध चिरलेलं होतं.

"चाळीस वर्षां मसालो कांडतंय मी," त्या हळूच म्हणाल्या. "माका नखां खय होती ताच इसारलंय." मग त्यांनी दुसरं बोट पुढे केलं. तिसरं केलं. हात लांब धरून बघितला, जवळ आणून बघितला. समोरच्या तांब्यातलं पाणी प्यायल्या, तेही बोटं पसरून. आणि मालनकडे वळल्या. "अगो, किती सुंदर आसत गो ही! कोणी निवडली? तुझी नजर काय चांगली आसा!"

मालनला हुंदका फुटला. आठ दिवसांनी का होईना, एका माणसाने विचारलं होतं!

"साखरपुड्याक माका देतंस?" मंजुळाबाईंनी विचारलं. "पण कोणाक सांगू नको हां. ह्या वयात लोक हसतले."

"आणि तुम्ही देवळातल्याचां कोणाक सांगू नकात," दत्ताराम डब्यातून तोंड बाहेर काढून म्हणाले. "पण ता एक मागू नकात. ता आता देवीचां झालां."

साखरपुडा थाटात झाला. मंजुळाबाईंनी नारळ असा काही धरला होता, की नऊ नखं समोर दिसत होती आणि उजवा अंगठा नारळाच्या मागे होता. गोंद या वेळी मालनने स्वतः जाऊन घाटकोपरहून चांगला आणला होता. फोटोग्राफरसुद्धा म्हणाला, "मावशी, हात तसाच ठेवा." मालन तबक घेऊन त्यांच्या शेजारी उभी होती. मंडपातली प्रत्येक बाई त्या हातांकडे बघते आहे हे तिला दिसत होतं, आणि तिचं मन असं भरून आलं होतं, की तिला दुसरं काही नको होतं. तिचं स्थळ, तिची निवड, तिची नखं! फक्त हात दुसऱ्याचे.

इतक्यात जया गर्दीतून वाट काढत आली. तिने मंजुळाबाईंची बोटं डोळे भरून बघितली, मग तबकाखालची मालनची बोटं बघितली आणि तिच्या कानाशी लागली.

"बघा वहिनी, भांडुपला राहून, मसाला कांडून, त्या बाईंनी हात कसे ठेवलेत! नाहीतर तुम्ही. माझ्या पार्लरवालीला अजून सांगू का, जरा जास्त घासायला?"

मालनने उत्तर द्यायला तोंड उघडलं. समोरून मंजुळाबाईंनी डोळे मोठे केले. बाजूने दत्ताराम खाकरले.

"सांग," मालन म्हणाली. "शनिवारी येते."